जुनी पिकअप घरच्या गॅरेजात : वाचकांचे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून जुन्या मालवाहू गाड्यांविषयी अलीकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहोत. पहिले उत्तर लांबले आहे. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी हा कृष्णाकाठचा खास प्रश्न आहे आणि त्यावर मिळणारे फुकटचे सल्ले बहुतेक घातक असतात, म्हणून ते आवरते घेतलेले नाही.

प्रश्न (गावभाग, सांगली) : आजोबांनी हळदीच्या पेढीसाठी घेतलेली शेवरोले पिकअप आमच्या वाड्यातील शेडमध्ये उभी आहे. आरसीवर १९५१ साल आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात ती स्टिअरिंगपर्यंत पाण्यात होती आणि २०२१ मध्ये चाके पुन्हा बुडाली. त्यापूर्वी ती अधूनमधून चालू केली जात असे, आता मात्र पुरानंतर कोणी हात लावलेला नाही. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की नवे ऑइल घालून गाडी ट्रॅक्टरला बांधावी आणि गिअरमध्ये टाकून ओढावी, म्हणजे इंजिन सुटेल. मला वाटते, सगळी गाडी खोलावी. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ट्रॅक्टर परत पाठवा आणि सगळी गाडी खोलण्याचा बेतही तूर्त बाजूला ठेवा.

ट्रॅक्टरने ओढण्यात धोका का आहे, ते आपल्या इंजिनाची रचना पाहिली की कळते. त्या वर्षांच्या शेवरोले पिकअपमध्ये २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. आजच्या इंजिनात प्रत्येक बेअरिंगला दाबाने ऑइल पोहोचते. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या तळाशी पळीसारखे छोटे टोक असते, ते प्रत्येक फेरीत चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातील, पन्हळीत बुडते आणि तेथील ऑइल उचलून बेअरिंगला देते. बेअरिंगही सुट्या कपांची नसून रॉडमध्येच ओतलेल्या मऊ व्हाइट मेटलची असतात. पुराचे पाणी ओसरते तेव्हा त्यातील गाळ नेमका या पन्हळींत बसतो. वरून कितीही चांगले ऑइल घातले, तरी पहिल्याच काही फेऱ्यांत ती टोके ऑइलऐवजी कृष्णेचा गाळ उचलतील आणि व्हाइट मेटल खरवडून निघेल. त्यातच हेडमधील एखादा व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असेल, तर जबरदस्तीने फिरवल्यावर पुशरॉड वाकतो. जे काम सफाईने भागले असते, ते पूर्ण इंजिन बांधण्यावर जाते.

म्हणून इंजिनाचे पहिले काम चेंबर उतरवण्याचे. त्याआधी ड्रेन बोल्ट सैल करून खाली पसरट भांडे ठेवावे. बहुधा आधी पाणी येईल, नंतर चहाच्या रंगाचा दाट लगदा येईल आणि शेवटी ऑइल. चेंबर खाली आल्यावर पन्हळी, ऑइल पंपाची जाळी आणि पुढच्या-मागच्या कोपऱ्यांतील गाळ खरवडून काढावा व डिझेलने धुवावा. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण ओतावे, काही दिवस मुरू द्यावे आणि पातळी उतरली तर पुन्हा भरावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल आणि अॅसिटोन यांचे मिश्रण अधिक भेदक असते, पण ते पेटते, हे लक्षात ठेवून शेडची दारे उघडी ठेवावीत. फिरवताना जोर हाताचाच असावा. हँडल किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांवरून दोन्ही दिशांना थोडे थोडे हलवावे, एकाच दिशेला रेटू नये. आठवडाभरात केसभर हलले तरी ते यशच समजावे.

इंजिन सुटले म्हणजे ते सुरू करण्याजोगे झाले, असे नाही. हेड उतरवून सिलिंडरच्या भिंती पाहाव्यात. गंजाची रेघ नखाला लागत असेल, तर बोअर करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. रॉडच्या कॅपखाली पातळ शिमा, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात आणि त्या कमी-जास्त करून बेअरिंगची सैल मापात आणता येते. व्हाइट मेटल उडालेले असेल, तर मात्र ते नव्याने ओतून लेथवर मापात काढणारा कारागीर शोधावा लागेल. आपल्या भागात त्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करणे सर्वांत व्यवहार्य आहे. इंजिन सुरू झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा चौदा-पंधरा पौंडांवर थांबला आणि मंद गतीला त्याहूनही खाली आला, तर घाबरू नये. या इंजिनाचा दाब मुळातच कमी असतो आणि केवळ या काट्यामुळे धडधाकट इंजिने खोलली गेली आहेत.

पुराचे पाणी इंजिनात शिरते तसे बाकी सगळीकडेही शिरते. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांतील ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ असेल, तर पाणी मिसळले आहे. या गाडीची प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा, उघडी नसून नळीत बंद असते आणि त्या नळीत साचलेले पाणी बाहेरून दिसत नाही. तेव्हा गिअरबॉक्स साफ केला म्हणून ती बाजूही झाली, असे मानू नये. चारही चाकांची बेअरिंगे काढून धुवावीत. ज्यांच्या गोळ्यांवर किंवा कप्प्यांवर काळे ठिपके पडले आहेत, ती बदलावीत. गिअरबॉक्समध्ये पितळी भाग असल्याने जीएल-४ दर्जाचे ९० नंबरचे ऑइल घालावे.

ब्रेकच्या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी नळ्या यांतील एकही जुना भाग ठेवू नये. या गाडीत ब्रेकची एकच वाहिनी चारही चाकांना जाते आणि एका चाकापाशी गळती झाली, तर चारही चाकांचे ब्रेक जातात. ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरने उडवणे ही आपल्या गॅरेजांची जुनी सवय आहे. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ड्रम ओल्या फडक्याने पुसावा आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

पेट्रोलची टाकी या गाडीत केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे उभी असते. ही गोष्ट पुष्कळ डेंटरना ठाऊक नसते आणि ते केबिनच्या मागच्या पत्र्यावर बिनदिक्कत वेल्डिंग सुरू करतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण आत वाफ राहते. केबिनला ठिणगी लागण्याआधी टाकी बाहेर काढून शेडच्या बाहेर नेऊन ठेवावी. आतील गंज काढण्यासाठी दहा लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, विरघळवून ते दोन दिवस आत ठेवावे, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे. धुऊन तशीच ठेवलेली टाकी रात्रीत पुन्हा लाल होते.

वायरिंगवरील कापडी आवरण पुरात कुजले असणार, तेव्हा ते सगळे नवे करावे. ही गाडी सहा व्होल्टची आहे. तेवढीच शक्ती निम्म्या व्होल्टवर द्यायची, तर करंट दुप्पट लागतो, म्हणून बॅटरीपासून सेल्फपर्यंतची केबल आजच्या मोटारीच्या केबलपेक्षा बरीच जाड, किमान ५० चौरस मिलिमीटरची हवी. जुन्या गाडीचा सेल्फ सुस्त आहे, अशी तक्रार करणाऱ्यांच्या गाडीत बहुधा बारा व्होल्टची बारीक केबल आणि गंजलेली अर्थिंग सापडते. बारा व्होल्ट करून टाका, असा सल्ला आपल्याला मिळेलच. केबल आणि अर्थिंग नीट असतील, तर त्याची गरज नाही.

आता गाडी पूर्ण खोलण्याविषयी. सोळा फुटांच्या आसपास लांबीची ही गाडी सुटी झाली की दुप्पट जागा मागते. वाड्यात तेवढी जागा असली तरी उत्साह तेवढा टिकत नाही आणि पोत्यांत भरलेले भाग पुढच्या पिढीला भंगाराच्या भावाने जातात. म्हणून एकावेळी एकच विभाग उघडावा आणि तो जोडून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. आधी ब्रेक, मग इंजिन व गिअरबॉक्स, मग वायरिंग आणि शेवटी पत्रा व रंग, हा माझा क्रम आहे. भाग उतरवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा आणि प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवावेत. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये. चासीखाली चार मजबूत घोड्या लावाव्यात आणि जमीन मातीची असेल, तर घोड्यांखाली जाड फळ्या घालाव्यात.

जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ ते १९५४ या काळात चालू होता. आपली गाडी तेथे जोडलेली असण्याचा संभव आहे. केबिनमधील किंवा फायरवॉलवरील (इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्यावरील) धातूची पट्टी घासू नका, रंगवू नका. गाडीची मूळ ओळख पटवण्यासाठी पुढे तिचाच आधार लागतो.

प्रश्न (कराड) : आमच्या जुन्या पिकअपचे काम घरीच चालू आहे. केबिनचे खालचे कोपरे आणि पायदान गंजले आहे. डेंटर म्हणतो, आतून जाळी लावून लांबी (पुट्टी) भरू आणि वरून रंग मारू. माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे, तेव्हा शेवटचा रंग स्वतःच मारावा, असा विचार आहे. पावसाळ्यात वेळ मिळतो. हे योग्य होईल का?

उत्तर : डेंटरचे म्हणणे मान्य करू नका. लांबी ही दाभणाच्या टोकाएवढी खोली सपाट करण्यासाठी असते, भोक बुजवण्यासाठी नव्हे. लांबी आतून ओल धरते आणि दोन पावसाळ्यांत रंगावर फोड येतात. स्क्रूड्रायव्हरने गंजलेली जागा टोचत जावे आणि टोक आत जाणे जेथे थांबेल, तेथून आणखी बोटभर पुढे, म्हणजे चकाकणाऱ्या निरोगी पत्र्यापर्यंत, कापावे. मग त्या आकाराचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा तुकडा बसवावा. मिग वेल्डिंग करताना सलग रेघ ओढू नये. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, असे अंतर ठेवून टाके घालावेत आणि मध्ये पत्रा थंड होऊ द्यावा, नाहीतर दार मोठे सपाट असले की ते लाटेसारखे वाकते. पूर्वीच्या मालकाने कोठे लांबी भरली आहे, हे पाहण्यासाठी छोटे चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते सुटते, तेथे खाली पत्रा नाही किंवा लांबी फार जाड आहे.

कंस, बिजागऱ्या, हौद्याच्या साखळ्या असे छोटे भाग विजेने गंजमुक्त करता येतात. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घालावा, भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडावा. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, तेव्हा टब उघड्यावर ठेवावा. कमानींच्या पाट्यांना आणि स्प्रिंगना ही पद्धत लावू नये. कडक पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होते.

पावसाळ्यात रंग मारू नका. हवेत दमटपणा असला की रंगावर पांढुरकी झाक येते आणि उघड्या पत्र्यावर तासाभरात गंजाची पुटी चढते. पत्रा घासला त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. साधा प्रायमर सच्छिद्र असतो आणि केवळ प्रायमरवर गाडी पावसाळाभर उभी ठेवणे म्हणजे आत गंज पेरणे होय. हिवाळा सर्वांत बरा, पण कराड भागात तोच गळिताचा हंगाम असतो आणि साखर कारखान्याच्या धुराड्याची काजळी पहाटे सगळीकडे उतरते. म्हणून दारे-खिडक्या ओल्या गोणपाटाने बंद करून दुपारी रंग मारावा.

रंग कोणता, हा मुख्य प्रश्न. हार्डनर घालून मारायच्या टू-के पीयू (दोन घटकांच्या पॉलियुरेथेन) रंगात आयसोसायनेट असतात. त्यांची फवारणी श्वासात गेल्यास दमा जडू शकतो आणि साधा किंवा गोळ्यांचा मास्क त्यापुढे भरवशाचा नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारे मास्क आणि हवा ओढणारी बंदिस्त खोली नसेल, तर हे काम बूथ असलेल्या रंगाऱ्याकडे न्यावे. घरीच रंगवायचे असेल, तर सिंथेटिक इनॅमल वापरावा. तो सावकाश वाळतो, त्याची चकाकी आरशासारखी नसते आणि नेमकी म्हणूनच तो जुन्या कामाच्या गाडीला शोभून दिसतो. मागील पिढीतील पिकअपला लग्नाच्या मोटारीची लकाकी देणे मला स्वतःला पटत नाही, पण हा रुचीचा भाग आहे.

प्रश्न (सातारा) : वडिलांच्या नावावर १९६९ मध्ये नोंदलेली महिंद्राची एफसी-१५० पिकअप आहे. वडील हयात नाहीत. ती दुरुस्त करून विंटेज म्हणून नोंदवावी, तिला डिझेल इंजिन बसवावे आणि लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने द्यावी, असे मुलाचे म्हणणे आहे. नियम काय सांगतात?

उत्तर : मुलाच्या तीन इच्छा एकमेकींच्या विरोधात आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापराची आणि मूळ रूपात राखलेली वाहने तिच्यात येतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे आपल्या गाडीतील जीपच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल बसवले, की दावाच कमकुवत होतो. शिवाय इंजिन बदलण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते, ती न घेता बदल केला तर आरसीवरील इंजिन क्रमांक जुळत नाही. तेव्हा हा विचार सोडून द्यावा.

भाड्याने देण्याचाही प्रश्न मिटतो. विंटेज नोंदणीच्या गाडीचा व्यापारी वापर चालत नाही. ती रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते आणि नंतरच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, ही मोठी सोय आहे. जुन्या पाटीची किंमत ज्याला कळते, त्याला हे सांगायला नको.

अर्ज फॉर्म २० मध्ये करावा लागतो, सोबत विमा आणि मूळ आरसी. पण त्याआधी आपल्याला दोन कामे आहेत. वडिलांच्या पश्चात मालकी फॉर्म ३१ ने आपल्या नावावर करून घ्यावी, आणि आरसीवर वाहनाचा प्रकार मालवाहू आहे की खासगी, हे पाहावे. पिकअपची नोंद बहुधा मालवाहू म्हणून झालेली असते आणि नियम मात्र खासगी वापरासंबंधी आहे. म्हणून पुढचा खर्च करण्यापूर्वी साताऱ्याच्या आरटीओकडून याचा लेखी खुलासा घ्यावा. आरसी हरवली असल्यास पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ ने दुय्यम प्रत मागावी. चासीवरील क्रमांक गंजात दिसत नसेल, तर तो तारेच्या ब्रशने हलकेच उघडा करावा, ग्राइंडर लावू नये. पुसलेला क्रमांक म्हणजे संशय, आणि त्याची चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळते.

प्रश्न (विटा) : हौद्याच्या फळ्या कुजल्या आहेत. कोणते लाकूड घालावे?

उत्तर : साग परवडत असेल तर साग, नाहीतर चांगला वाळलेला ऐन. ओले लाकूड स्वस्त मिळते, पण उन्हाळ्यात फळ्या आकसून मधल्या पट्ट्या सैल होतात. फळ्यांच्या खालची बाजू आणि कापलेली टोकेही तेल पाजून घ्यावीत, कारण कुजणे टोकांपासून सुरू होते. लाकूड थेट लोखंडावर टेकेल तेथे रबरी पट्टी घालावी आणि कोपऱ्यांतील पाणी निचरण्याची भोके बुजवू नयेत.

प्रश्न (वाई) : आमच्या जुन्या जीप पिकअपला ६.००-१६ मापाची चाके आहेत. याच मापाचे ट्रॅक्टरचे पुढचे टायर आमच्याकडे नवे पडून आहेत. ते बसवले तर चालतील का?

उत्तर : माप जुळते, काम जुळत नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवरील उभ्या कड्या नांगरटीत दिशा धरण्यासाठी असतात. ते टायर ट्रॅक्टरच्या मंद गतीसाठी बनवलेले असतात. पसरणीच्या घाटात गाडी उतरताना ते तापतील आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर घसरतील. त्याच मापाचे जीपचे टायर बाजारात मिळतात, तेच घ्यावेत आणि सोबत ट्यूब व फ्लॅपही नवे घ्यावेत. जुन्या रिमला लॉक रिंग असेल, तर घरच्या कॉम्प्रेसरने हवा भरू नये. गंजलेली रिंग हवा भरताना उडते आणि समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडे चाक न्यावे, आणि रिंगेच्या कडेला चीर दिसली तर ती रिंग त्याच्याच दुकानात मोडीत टाकून यावी.